एका पाण्यातलं गाव

इस्त्रीकाकूंना गावाची खबर काढायला कधी घराबाहेर पडावं लागलं नाही. गावच गाठोड्यात बांधून त्यांच्या खिडकीवर येत असे. फळं पॅक करायच्या शेडवरचे अॅप्रन चिकट डागांनी भरून आले की काकू म्हणायच्या, "यंदा बागा झकास लागल्या बरं का." मग थोड्या दिवसांनी हॉटेलचे टेबलक्लॉथ वाढायचे, म्हणजे बाहेरगावचे व्यापारी उतरू लागले. त्यांच्या मागून सलूनचे टॉवेल, म्हणजे बागेत राबणाऱ्या पोरांच्या खिशात पैसे खुळखुळू लागले आणि त्यांना आपापल्या भांगाची आठवण झाली. सगळ्यात शेवटी दवाखान्याच्या चादरी. कारण काकूंच्या मते, हातात चार पैसे आल्याशिवाय माणूस आजारी पडायचं धाडस करत नाही.

लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा लाँड्री म्हणजे एक टेबल, एक जड इस्त्री आणि सासऱ्यांचा त्याहून जड स्वभाव एवढंच होतं. सासऱ्यांनी नव्या सुनेच्या हातात इस्त्री दिली ती परीक्षा पाहायला. सुनेने त्यांच्याच सदऱ्याच्या बाहीला अशी कडक घडी घातली की ते दिवसभर कोपर दुमडेनात. तेव्हापासून नाव पडलं इस्त्रीबाई, आणि केस पिकायला लागल्यावर इस्त्रीकाकू. पुढे काकांनी कुठूनसा एक जुना बॉयलर आणला, मोठा फिरता ड्रम आणला, आणि स्वतः कायमचे त्या बॉयलरच्या शेजारी जाऊन बसले. काकांचं बोलणं फार कमी. घरात काहीही विचारा, भाजी कुठली आणू इथपासून मुलीचं लग्न कुठे ठरवू इथपर्यंत, त्यांचं उत्तर एकच: "बघू."

बोलण्याचा सगळा कोटा काकूंच्या वाट्याला आला होता, आणि तो वापरायची जागा म्हणजे ती पुढची खिडकी. खिडकीचा लाकडी कठडा लोकांच्या कोपरांनी झिजून गुळगुळीत झालेला. कपडे टाकायला माणूस यायचा, पण नुसते कपडे टाकून जाईल तर शपथ. काकू गाठोडं सोडता सोडता त्याच्या पोटातलंही बाहेर काढायच्या. कुणाची सून माहेरी गेली, कुठल्या बागेचा सौदा फिसकटला, हॉटेलातल्या कुठल्या पाहुण्याने तीन नंबरच्या खोलीत बायको म्हणून कुणाला आणलं, हे सगळं गावाच्या आधी काकूंना कळे आणि काकूंकडून व्यवस्थित घड्या घालून गावाला परत जाई.

काकूंच्या कामाची एक खास पद्धत होती. इतरांसारख्या चिठ्ठ्या त्या लावत नसत. चिठ्ठी पाण्यात विरघळते, शाई पसरते. त्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला आतल्या बाजूने रंगीत दोऱ्याचा टाका घालायच्या. शेडचा हिरवा, हॉटेलचा पिवळा, सलूनचा काळा, दवाखान्याचा निळा. ढीग कितीही मोठा असो, काकू कॉलर उलटून डोळा मारल्यासारखं बघायच्या आणि कपडा बरोबर आपल्या गठ्ठ्यात पडायचा.

घरात शिकलेले होते ते भावजी, म्हणजे काकूंचे धाकटे दीर. कॉमर्सवाले. लाँड्रीची बिलं, बँक, वीजखातं सगळं ते बघत आणि मनापासून बघत. फक्त जेवताना त्यांना समजावून सांगायची खोड होती.

"वहिनी, कुठल्याही गावाची तीन क्षेत्रं असतात," एकदा त्यांनी आमटी भुरकता भुरकता सुरू केलं. "पहिलं शेती-बागा. दुसरं कारखाने. तिसरं म्हणजे सेवा. हॉटेल, सलून, दवाखाना."

"आणि आपण?"

"आपण तिसऱ्यात."

"म्हणजे काठावर पास."

काकूंची जाऊ, भावजींची बायको, ताटात बघून हसली. भावजींनी बायकोकडे आणि मग वहिनीकडे पाहिलं. "चेष्टा नको. गावाला पुढे ओढतो तो कारखाना. आपला फळांच्या रसाचा कारखाना म्हणजे इंजिन आहे इंजिन. आणि त्याने आपल्याला विचारलंय."

काकूंचा घास हातातच राहिला. कारखान्याचे सगळे पांढरे कोट, रोजच्या रोज, वर्षभर. आजवर ते शहरातल्या एका लाँड्रीत जात होते. आता कारखाना गावातच धुलाई देणार होता, पण एका अटीवर. लाँड्रीत फक्त कारखान्याचाच कपडा येईल. खाण्यापिण्याची वस्तू बनते, तेव्हा दुसऱ्या कुणाचा कपडा त्या पाण्यात पडता कामा नये.

"मग शेडवाली कुठे जाईल? सलूनवाला?"

"दुसरी सोय बघतील. वहिनी, एकाच गिऱ्हाइकाकडून वर्षभराचं पक्कं काम. नवीन ड्रम घेता येईल, आणखी दोन बायका कामाला लावता येतील. आणि त्यांचा ट्रक मागच्या दाराने येणार. पुढची खिडकी उघडायचीही गरज नाही."

भावजींना वाटलं, ही शेवटची बातमी सगळ्यात गोड आहे. काकूंनी मात्र आमटीची वाटी बाजूला सारली. खिडकी बंद? म्हणजे दिवसभर पांढरे कोट, पांढरे कोट आणि समोर "बघू" म्हणणारा नवरा. त्यापेक्षा काशीला गेलेलं बरं.

"अहो, तुम्ही काय म्हणता?" काकूंनी बॉयलरच्या दिशेने हाक टाकली.

"बघू," आतून आलं.

भावजींचं म्हणणं चूक नव्हतं, हीच तर काकूंची पंचाईत होती. ड्रम खरंच म्हातारा झाला होता. भावजींची पोरं मोठी होत होती. पैशाच्या बाजूने बोलायला काकूंकडे एकही मुद्दा नव्हता, आणि "मला गप्पा मारायला मिळणार नाहीत" हा मुद्दा कॉमर्सवाल्यापुढे कसा ठेवणार? म्हणून त्या गप्प बसल्या. काकू गप्प बसल्या की जावेला भीती वाटायची.

आठवड्याभरात कारखान्याने चाचणी म्हणून कोटांचा एक गठ्ठा पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या ऑफिसातून कारखान्याचे खरेदीसाहेब स्वतः येऊन धुलाई बघणार आणि आवडली तर कराराची सही होणार. भावजींनी तीन तीनदा बजावलं, "वहिनी, हे वेगळ्या पाण्यात. आधी ड्रम रिकामा करून धुवायचा. मगच हे." आणि ते बँकेत निघून गेले.

काकूंनी कोटांना टाका घालायला दोरा शोधला. सगळे रंग वाटून झालेले. दारावर आलेल्या फेरीवालीकडून घेतलेलं एक रीळ फक्त उरलं होतं, गडद मरून रंगाचं, झकास चमकणारं. त्यांनी प्रत्येक कोटाला ठसठशीत मरून टाका घातला आणि मग कोटांच्या त्या पांढऱ्याशुभ्र ढिगाकडे बघून त्यांच्या डोक्यात किडा वळवळला.

"वेगळं पाणी म्हणे," त्या जावेला म्हणाल्या. "पाण्याला काय ओळखपत्र लागतं? मी सगळं एकत्र टाकते. उद्या साहेब म्हणेल वा वा, काय स्वच्छ! मग मी म्हणेन, साहेब, हे शेडच्या अॅप्रनबरोबर धुतलंय. काय झालं तुमच्या रसाला? आता गुंडाळा ती अट!"

"ताई, भावजी तुमचे आहेत, पण नवरा माझा आहे. मला यात घेऊ नका," जाऊ म्हणाली, आणि गठ्ठे उचलून ड्रममध्ये टाकायला मदत करू लागली.

शेडचे अॅप्रन, हॉटेलचे टेबलक्लॉथ, सलूनचे टॉवेल, दवाखान्याचे डगले आणि कारखान्याचे कोट असं सगळं गाव एका कढत पाण्यात गरगर फिरलं. काकांनी बॉयलरला जरा जास्तच आच दिली. चाचणी आहे म्हणून.

ड्रमचं झाकण उघडलं आणि जाऊ दोन पावलं मागे सरली. काकूंनी आत डोकावलं. आत एकही पांढरा कपडा नव्हता. फिक्या गुलाबी रंगाचा एक मोठा गोळा होता, आणि जिथे जिथे मरून टाका होता तिथे गुलाबाचं फूल उमलावं तसा डाग.

"फेरीवाली!" काकू ओरडल्या. पण फेरीवाली कुठल्या गावच्या कुठल्या गल्लीत पोचली असेल कुणास ठाऊक.

घाबरलेला माणूस दोन चुका करतो. काकूंची दुसरी चूक म्हणजे नीळ. पांढऱ्यावर पिवळट झाक आली की नीळ घालून ती घालवायची, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. पण गुलाबीवर नीळ घातली तर काय होतं, याचा अनुभव आजवर आला नव्हता. तो सलूनच्या टॉवेलांवर आला. टॉवेल जांभळे झाले. मग मात्र काकूंनी हात आवरला.

संध्याकाळी भावजी आले. दोरीवर वाळत घातलेल्या गुलाबी रांगेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. ओरडले असते तर काकूंना बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "एकत्र टाकलंत ना, वहिनी?" आणि चपला तशाच पायात ठेवून आत गेले. त्या रात्री घरात कुणी क्षेत्रांबद्दल बोललं नाही.

ब्लीचमध्ये भिजवून रंग काढता आला असता, पण त्याला दोन दिवस हवे होते आणि गिऱ्हाइकांना कपडे सकाळीच हवे होते. फळ झाडावर पिकायचं थांबत नाही. सकाळी शेडवरच्या बायका गुलाबी अॅप्रन घालून कामाला लागल्या, हॉटेलातल्या टेबलांवर गुलाबी कापडं पडली, आणि सलूनवाल्याने गिऱ्हाइकाच्या गळ्याला जांभळा टॉवेल गुंडाळला. थोड्याच वेळात खिडकीपुढे कधी नव्हती एवढी गर्दी जमली.

"काकू, आधी आमचं पांढरं करून द्या," शेडवरची मुकादमबाई, जिला सगळे शेडवाली म्हणत, तिने कठड्यावर दोन्ही कोपरं टेकवली. "गुलाबी अॅप्रनमधल्या बायकांना बघून फळं न्यायला आलेले ड्रायव्हर माल भरायचा सोडून हसत बसलेत. माझी फळं नासतील. आणि फळं नासली तर हे गाव काय खाणार?"

"थांब थांब," हॉटेलवाले शेठ पोट पुढे करून आले. "गाव म्हणजे तुझं शेड नव्हे. बाहेरचा पैसा गावात आणतो तो मी. व्यापारी माझ्याकडे उतरतात, जेवतात, झोपतात. कालचा पाहुणा विचारत होता, शेठ, लग्न आहे का कुणाचं? आधी माझे टेबलक्लॉथ."

"शेठ, तुमचा व्यापारी दाढी कुठे करतो?" मागून सलूनवाला.

"तू तर बोलूच नकोस, तुझे जांभळे झालेत."

"म्हणून तर बोलतोय! गुलाबीच्या वर एक पायरी गेलोय मी."

"मला कळत नाही," शेडवाली कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "फळ नसेल तर तुमच्या हॉटेलात कोण मरायला येणार आहे? हवा खायला?"

"आणि मी व्यापारी ठेवून घेतला नाही तर तुझं फळ कोण घेणार? माकडं?"

काकू खिडकीत उभ्या राहून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. एरवी अशा भांडणाला त्यांनी तेल घातलं असतं. आज त्यांचं लक्ष आतल्या टेबलाकडे होतं, जिथे भावजी कारखान्याच्या गुलाबी कोटांच्या ढिगासमोर बसले होते.

गर्दीच्या मागे एक बारीक चणीचा, नाकावर चष्मा घसरलेला माणूस बराच वेळ उभा होता. नवं गिऱ्हाइक समजून शेठनी त्याला विचारलं, "तुमचं काय गुलाबी झालंय हो?"

"माझं?" तो माणूस म्हणाला. "माझा सगळा कारखानाच."

शेठनी पोट आत घेतलं.

खरेदीसाहेब सकाळच्या गाडीने लवकर आले होते. आधी सलूनमध्ये जाऊन जांभळ्या टॉवेलात दाढी केली, मग हॉटेलात गुलाबी कापडावर चहा सांडला. वाटेत शेडवरच्या गुलाबी बायका दिसल्या. तोपर्यंत त्यांना वाटत होतं की या गावाची रंगाची आवडच तशी असेल. आता खिडकीतून त्यांना भावजींपुढचा ढीग दिसला.

"म्हणजे हे सगळं आमच्याबरोबर एकाच पाण्यात होतं," ते सावकाश म्हणाले.

काकूंना हवं होतं ते झालं होतं. आता करार मोडणार, खिडकी उघडी राहणार. पण भावजी उठून उभे राहिले होते, आणि पोरगा नापास होऊन घरी आल्यावर जसा दारात उभा राहतो तसे दिसत होते. काकूंना राहवेना.

"साहेब, यांनी वेगळं धुवायला सांगितलं होतं. तीनदा. एकत्र मी टाकलं. मुद्दाम. आणि मरून दोराही माझाच."

"मुद्दाम? का?"

"तुमचं काम घेतलं की ही खिडकी बंद करायची होती." काकूंनी कठड्यावर हात ठेवला. "आणि मला गप्प बसता येत नाही."

शेडवाली फिस्सकन हसली. सलूनवाल्याने जांभळा टॉवेल तोंडावर धरला. साहेबांना हसू आलं की ठसका, ते कळलं नाही. त्यांनी चष्मा वर केला.

"वेगळ्या पाण्याची अट आमच्या मोठ्या साहेबांची आहे, आणि खाण्याच्या धंद्यात ती राहणारच. पण मी इथवर आलो ते दुसऱ्याच भीतीने. शहरातल्या लाँड्रीने मागे एकदा दुसऱ्या कुणाचं मोठं काम घेतलं आणि आमचे कोट अडकवून ठेवले. कोट नाहीत म्हणून कामगारांना आत सोडता येईना. लाइन दिवसभर बंद. म्हणून म्हटलं, फक्त आमचं काम करणारं कुणीतरी बघा."

"तो दिवस मला विचारा!" शेडवाली उसळली. "तुमच्या फाटकावर माझे ट्रक उभे, फळं उन्हात. वास तर असा सुटला होता..."

"माझ्याकडचे दोन व्यापारी त्याच दिवशी खोल्या सोडून गेले," शेठ म्हणाले. मघाचं भांडण ते विसरूनच गेले. "जेवणाचं बिलही न देता."

"आणि पोरांना मजुरी मिळाली नाही म्हणून आठवडाभर कुणी दाढीला आलं नाही," सलूनवाला म्हणाला. "गावभर जिकडे बघावं तिकडे दाढ्या. मला वाटलं धंदा बदलावा आणि केसांचं तेल विकावं."

भावजींनी सगळ्यांकडे पाहिलं. मग ते खिडकीशी आले, आणि काकूंच्या आयुष्यात पहिल्यांदाच भावजी खिडकीत उभे राहिले.

"म्हणजे कारखान्याचा कोट वेळेवर मिळाला नाही तर तुमच्या सगळ्यांचंच अडतं," ते म्हणाले. "बरोबर? मग असं करू. आठवड्यातल्या दोन सकाळी फक्त कारखान्याचं काम. ड्रम धुऊन, वेगळ्या पाण्यात. बाकीचे दिवस तुमचे. त्या दोन सकाळी कुणी खिडकीवर यायचं नाही."

"दोन सकाळी पुरणार नाहीत," साहेब म्हणाले.

"मग तीन."

"भावजी!" काकू ओरडल्या.

"तुम्ही गप्प बसा, वहिनी," भावजी म्हणाले, आणि स्वतःच दचकले. पण मागे हटले नाहीत.

"बॉयलर ओढेल," आतून आवाज आला. सगळ्यांनी माना वळवल्या. काका दारात उभे होते, हाताला काळं लागलेलं. "तीन सकाळी कारखाना, बाकी गाव. ओढेल." एवढं बोलून ते परत गेले. जाऊ तोंडाला पदर लावून बघतच राहिली. तिने त्यांना एवढं मोठं बोलताना याआधी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी बराच वेळ कोटाची कॉलर उलटीपालटी केली. शेवटी म्हणाले, "अर्धं काम देतो. तीन महिने बघतो. सगळं काम नाही. आणि परवापर्यंत हे पांढरं झालं पाहिजे."

भावजींना जे हवं होतं त्याचं अर्धं मिळालं. नवा ड्रम लांबणीवर पडला. काकूंच्या खिडकीच्या तीन सकाळी गेल्या. शेठ पुढे झाले, "मग परवापर्यंत आधी कुणाचं पांढरं करणार?"

"शेडचं," भावजी म्हणाले. "मग कारखान्याचं. मग दवाखाना. मग तुमचं."

"मी शेवटी?"

"शेठ," काकूंना आता कुठे सूर सापडला, "गावातला पैसा फिरून फिरून शेवटी तुमच्याकडे येतो आणि तिथेच आडवा होऊन झोपतो. मग तुम्ही घाई कसली करता?"

शेठसकट सगळे हसले. सलूनवाल्याने आपले टॉवेल परत घेतले, पण पांढरे करायला दिले नाहीत. गिऱ्हाइकांना जांभळा आवडतोय म्हणाला. खुद्द साहेबांनीही सकाळी तक्रार केली नव्हती.

मरून रीळ काकूंनी स्वतः चुलीत टाकलं, आणि पुढचे दोन दिवस त्या आणि जाऊ ब्लीचच्या वासाने डोळे चोळत राबल्या. शेडचे अॅप्रन पांढरे झाले, कोट झाले. दवाखान्याच्या एका डगल्याच्या खिशावर शेवटपर्यंत गुलाबी झाक राहिली. तो डगला डॉक्टरांनी तसाच ठेवून घेतला. लहान मुलं त्याला घाबरत नाहीत म्हणाले.

कारखान्याची पहिली सकाळ आली तेव्हा काकूंनी जड हाताने खिडकी लावून घेतली. बाहेरून कुणीतरी कठड्यावर टकटक केली तरी उघडली नाही. भावजी नजर ठेवून होतेच. काकू तोंड फुगवून मागच्या दाराशी कोट मोजून घ्यायला उभ्या राहिल्या. ट्रक आला. ड्रायव्हर खाली उतरला, गठ्ठे टाकले, आणि पायरीवर बसून घाम पुसू लागला.

"दमलात का हो?" काकूंनी जरा नाखुशीनेच विचारलं.

"दमेन नाही तर काय, काकू! सकाळपासून तीन चकरा झाल्या. मोठ्या साहेबांच्या मेहुण्याला नव्या गोदामावर घेतलंय ना. त्याला काही येत नाही. आणि त्याच्यावरून आत दोन मॅनेजर एकमेकांशी बोलत नाहीयेत. एकाने दुसऱ्याचं कपाटच..."

काकूंनी कोट मोजायचे थांबवले. मग हळूच बाजूचं स्टूल पायाने ओढलं.

"थांबा थांबा. आधीपासून सांगा," त्या म्हणाल्या, आणि आत वळून जावेला हाक मारली, "अगं, दोन कप चहा टाक. आणि मागचं दार आजपासून उघडंच ठेवायचं. वारा चांगला येतो."